नववीच्या वर्गाने सरकारी दवाखान्याला पत्रं लिहिली

दरवर्षी पंचायत समितीकडून कुठल्या ना कुठल्या निबंध स्पर्धेचं पत्र शाळेत येतं. त्या वर्षी विषय आरोग्याचा होता. मराठी शिकवते म्हणून गठ्ठा माझ्याच टेबलावर येऊन पडला आणि पहिले काही निबंध वाचल्यावर पुढचे न वाचताच सांगता आले असते. सुरुवात 'आरोग्यम् धनसंपदा'ने. मग 'आजच्या धावपळीच्या युगात'. मग फास्ट फूडचे दुष्परिणाम. ज्या पोराने पिझ्झा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याने पिझ्झ्यावर अर्धं पान खर्ची घातलं होतं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : 'तरी शासनाने याकडे लक्ष द्यावे.'

आमची शाळा महाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वरच्या वाड्यांवरची मुलं चालत खाली येतात. घरात कुणाला ताप भरला तर काय होतं, पावसाळ्यात अडलेल्या बाईला डोलीत घालून कुठल्या वाटेने उतरवतात, रात्री विंचू चावला तर कुणाच्या दारात जाऊन जीप मागायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. त्यातलं एक अक्षर निबंधात नव्हतं. निबंधात हे लिहायचं नसतं, असं कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. गाइडं वाचून त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

स्पर्धेचे निबंध पाठवून दिले (तालुक्यात तिसरा नंबर आला, पिझ्झावाल्याचाच) आणि उपयोजित लेखनाच्या तासांना मी हाच विषय नववीत परत काढला. विनंतीपत्र, मागणीपत्र अभ्यासक्रमात आहेच. सरावाला नेहमी रोपवाटिकेकडे रोपं मागणारं पत्र असतं, आणि आमच्याकडे जंगल दाराशी असताना रोपं विकत कोण मागवणार? त्यापेक्षा आपल्या दवाखान्यात काय सुधारायला हवं यावर खरं पत्र लिहू, म्हटलं. अटी तीन. पत्र खऱ्या माणसाच्या नावे हवं. मागितलेली गोष्ट त्या माणसाच्या हातातली हवी. आणि पत्रात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी हवंच.

पहिल्या फेरीत निम्मी पत्रं आरोग्यमंत्र्यांना आली, दोन थेट पंतप्रधानांना. त्यातल्या एकाचा विषय होता दवाखान्याच्या व्हरांड्यातला बंद पंखा.

मग कोण काय करतं हे फळ्यावर मांडत बसलो. हे तास मला वाटलं होतं त्यापेक्षा फार रंगले. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय ही नावं मुलांनी पाट्यांवर वाचलेली असतात, पण एकाचा दुसऱ्याशी काय संबंध ते मोठ्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. सपाटीवर साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,०००ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं सरकारचं प्रमाण आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तेच ३,००० आणि २०,०००. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, म्हणून त्याची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि तिथून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. चुकीच्या साहेबाला लिहिलं की पत्र महिनोन् महिने टेबलं बदलत फिरतं. १०८ची गाडी कुणालाही तातडीला बोलावता येते, ती राज्यात २०१४ पासून आहे. १०२ची गाडी गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी, आणि परत घरी नेऊन सोडण्याचंही काम तिचंच. हा शेवटचा फरक वर्गात फक्त एका मुलीला ठाऊक होता. तिची आई आशा कार्यकर्ती आहे.

मधल्या एका तासाला डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सांगितली. आमच्या भागात उदाहरणाला लांब जावं लागत नाही. १९७०च्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं दवाखान्यात पोचूनसुद्धा दगावायची. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून हे सगळं क्रमाने टिपून ठेवलं. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं औषध विंचूदंशाला कसं चालतं, तेही १९८६मध्ये तिथेच छापून आलं. विष अंगभर भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस जायचे, तिथे आता वेळेवर आणलेला माणूस सहसा हाती लागतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली हे मुलांना माहीत होतं. टिपणं काढण्याचं माहीत नव्हतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, म्हणजे त्यांनी पण निबंधच लिहिला?" हो म्हटलं. फक्त पिझ्झ्यावर नाही लिहिला.

आता दवाखान्यात जाऊन बसायचं होतं. मुख्याध्यापकांना काळजी, यातून राजकारण निघेल. त्यांचंही खरं होतं, ग्रामपंचायतीच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. "पत्र जाण्याआधी मला दाखवा आणि कुणाचं नाव घेऊन आरोप नको," एवढ्यावर त्यांनी परवानगी दिली. वैद्यकीय अधिकारी तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे मुलं आमच्याविरुद्ध लिहिणार का?" मी म्हटलं, तुमच्याविरुद्ध काही दिसलं तर लिहितील, पण तुम्हालाच लिहितील. ते हसले. मग म्हणाले, "मंजूर पदं डॉक्टरांची दोन आहेत. मी एकटा आहे. तेवढं लिहायला सांगा."

चार-चार जणांचे गट करून मुलं सकाळच्या ओपीडीला व्हरांड्यातल्या बाकावर बसली. कुणाला काय झालंय ते विचारायचं नाही, नाव लिहायचं नाही, हे आधी दोनदा बजावलं. घड्याळ बघायचं आणि लिहायचं. कोण कुठून आलं, किती वाजता आलं, कशासाठी थांबलं.

या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. आठवडाभराने त्या वर्गात एकत्र वाचल्या तेव्हा एक गोष्ट दिसली जी माझ्या, डॉक्टरांच्या, कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ओपीडीची पाटी सांगते सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा. वरच्या वाड्यांवरून येणारी पहिली एसटी फाट्यावर बाराच्या सुमाराला लागते. फाट्यापासून दवाखाना म्हाताऱ्या माणसाला पंधरा मिनिटं. म्हणजे गाडीतली माणसं केसपेपरच्या खिडकीपाशी पोचतात तेव्हा समोर रांग असते आणि खिडकी मिटायच्या बेतात असते. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांनी चारपर्यंत बसायचं, तर परतीची गाडी साडेतीनला. त्यानंतरची थेट रात्री. एका मुलाच्या वहीत फक्त एवढं होतं : 'एक आजी आली १२.२०. खिडकी बंद १२.३०. आजी झाडाखाली बसली. आजी ३.१० ला उठून फाट्यावर गेली. आजीला औषध नाही.'

वर्गात कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांची चूक. दुसरं म्हणालं, एसटीची. मग वाद. शेवटी या एका प्रश्नावर दोन पत्रं झाली. एक आगार व्यवस्थापकांना, सकाळची गाडी तासभर आधी सोडा म्हणून. दुसरं वैद्यकीय अधिकाऱ्यांना, गाडी उशिरा आली तर फाट्यावरून येणाऱ्यांचे केसपेपर तेवढे काढून घ्या म्हणून. आरोग्यावरचं पत्र एसटीच्या आगाराला जाऊ शकतं, हे त्या पोरांनी शोधलं. मला सुचलं नसतं.

दुसरं एक पत्र बेलचं. दवाखान्याच्या फाटकाला रात्री आतून कडी असते आणि सिस्टरांचं क्वार्टर इमारतीच्या मागे. पावसाच्या आवाजात हाक मागे पोचत नाही. ज्या मुलाने हे लिहिलं, त्याच्या चुलत्याला भातलावणीच्या दिवसांत घोणस चावली होती आणि फाटकाबाहेर आरडाओरडा करण्यात वेळ गेला होता. चुलता वाचला, विषावरचं इंजेक्शन दवाखान्यात होतं. पण पोराच्या पहिल्या खर्ड्यात यातलं काहीच नव्हतं. त्याने लिहिलं होतं, 'ग्रामीण भागात आरोग्य सुविधांची कमतरता असून रुग्णांचे हाल होतात.' मी त्याला म्हटलं, तू हे वर्तमानपत्रातून उचललंयस, तुझ्या काकांचं लिही. तो म्हणाला, "बाई, ते पत्रात कसं लिहायचं, ते घरातलं आहे." मग त्याला समोर बसवून नुसतं बोलायला लावलं आणि तो जे बोलला तेच कागदावर उतरवून घ्यायला सांगितलं. दुसरा खर्डा असा झाला : 'आम्ही फाटक वाजवत होतो. पाऊस होता. सिस्टर मागे असतात त्यांना ऐकू आले नाही. माझ्या बाबांनी गडग्यावरून उडी मारून मागे जाऊन दार ठोठावले. ज्याच्या घरात उडी मारणारा माणूस नाही त्याने काय करावे? तरी फाटकाला बेल बसवावी, तिची वायर क्वार्टरपर्यंत न्यावी.'

शुद्धलेखन सोडून मी त्यात काही बदललं नाही.

आशाताईंच्या मुलीने पत्र कुणाला लिहावं हेच तिला कळेना. आशांना नोकरीसारखा पगार नसतो, मानधन आणि केलेल्या कामावरचा मोबदला मिळतो, हे तिला घरात बसून माहीत. तिच्या लिखाणात मागणी अशी नव्हतीच. आई रात्री जेवणं उरकल्यावर रजिस्टरं काढते. गरोदर मातांचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, क्षयरुग्णांचं वेगळं. लाईट गेली की मोबाइलची बॅटरी धरायला लेक. 'रजिस्टरला रकाने नसतात, म्हणून मी पट्टीने रेघा मारून देते. छापील रजिस्टर मिळाले तर माझा अभ्यास होईल.' हे तिने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे पाठवलं. आईला आधी विचारून घे, असं मी तिला सांगितलं होतं. आईच्या कामावर गदा यायला नको. आईने वाचलं आणि एक ओळ खोडून टाकली. कुठली ते मुलीने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नावांच्या बाबतीत मात्र मी कडक राहिले. एका मुलीने शेजारच्या काकूंच्या टीबीबद्दल लिहिलं होतं. निक्षय पोषण योजनेचे पैसे क्षयरुग्णाला उपचाराच्या काळासाठी महिन्याच्या हिशोबाने खात्यात मिळायला हवेत, पूर्वी महिन्याला ५०० होते, आता १,००० झालेत. काकूंचे आलेच नव्हते. मुद्दा शंभर टक्के रास्त. पण वाडी दहा-बारा घरांची. नाव काढलं तरी वाडी ओळखू येते, वाडी काढली तरी 'पिठाच्या गिरणीशेजारी' उरते. ते पत्र आम्ही पाठवलं नाही. तीच मुलगी काकूंना घेऊन आरोग्य सेविकेकडे गेली, तिथे कळलं की बँक खात्याचा तपशीलच चुकीचा नोंदला गेलाय. लिहिण्यासारखं असलेलं सगळंच पाठवण्यासारखं असतं असं नाही, आणि मुलांना हे समजावणं शुद्धलेखनापेक्षा अवघड गेलं. वर्गातल्या दोघींनी माझ्याशी जोरदार भांडण केलं. नाव लपवायचं म्हणजे आजाराची लाज मानायची नाही का, असा त्यांचा सवाल होता. त्याला माझ्यापाशी चोख उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं की ते ठरवायचा हक्क काकूंचा, आपला नाही.

एक पत्र शाळेवरच येऊन पडलं. दर सोमवारी मुलांना लोहाच्या निळ्या गोळ्या देतात. आमच्याकडे प्रार्थना झाली की रांगेतच वाटप व्हायचं, म्हणजे नोंद पटकन होते. वाडीवरची मुलं पहाटे नुसता कोरा चहा घेऊन निघालेली. रिकाम्या पोटी गोळी गेली की मळमळतं, मग गोळ्या गटारात. एका मुलीने मुख्याध्यापकांना लिहिलं : 'खिचडी आठवीपर्यंतच असते, आम्हा नववी-दहावीला नाही. म्हणून आम्हाला गोळी डबा खाल्ल्यावर द्यावी. मी सोमवारी मैदानाच्या कडेला नऊ गोळ्या मोजल्या.' गोळी काही खाऊन घ्यावी असं आरोग्य खात्याचंच सांगणं आहे. सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे पण सरकारी दवाखान्यातच येतं का?" पुढच्या सोमवारपासून गोळ्या मधल्या सुट्टीनंतर. या साऱ्या खटाटोपात सगळ्यात लवकर झालेली सुधारणा हीच.

पत्रं पोचवायला मुलंच गेली. झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही, हे मी बजावलं होतं. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या पत्रावर उमटलेला बघून पोरं जी काही फुगली! एकाने ती प्रत लॅमिनेट करून घेतली. दवाखान्यातल्या कारकुनांनी आधी 'ठेवून जा' म्हणून पाहिलं, पण मुलं खिडकीपाशी उभीच राहिली.

बेल लागली. दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती असते आणि किरकोळ खर्चाला तिच्याकडे पैसे असतात; डॉक्टरांनी बैठकीत ते पत्र वाचून दाखवलं आणि खर्च मंजूर झाला. केसपेपरच्या खिडकीवर कागद चिकटला : 'एसटीने येणाऱ्या रुग्णांचे केसपेपर गाडी येईपर्यंत काढले जातील.' तो रोज पाळला जातो असा दावा मी करणार नाही, डॉक्टर एकटेच आहेत अजून. बंद पंख्याचं पत्र शेवटी सरपंचांना गेलं, त्यांनी पंखा दुरुस्त करून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, निवडणूक होतीच. छापील रजिस्टरांचं उत्तर आलं नाही. डॉक्टरांच्या रिक्त पदाबद्दल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून उत्तर आलं की 'पद भरण्याची कार्यवाही वरिष्ठ स्तरावर सुरू आहे.' आगाराचं उत्तर, 'चालक-वाहक उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल.' ही दोन उत्तरं मी फळ्यावर लिहिली आणि यात वचन कुठे आहे ते शोधायला सांगितलं. बराच वेळ शांतता होती. मग आशाताईंची मुलगी म्हणाली, "कधीपर्यंत ते दिलेलंच नाही." माझ्या लेखी नववीचं मराठी तिथे पार पडलं.

स्टाफरूममध्ये विचारतात, मार्कांचं काय? पत्रलेखनात वर्ग बरा निघाला. काहींच्या पत्रात पत्ता उजवीकडे की डावीकडे हा गोंधळ अजून आहे. वैचारिक निबंधात 'आजच्या धावपळीच्या युगात' दोघा-तिघांनी परत लिहिलंच. जाऊ दे. ते वाक्य मोडायला एक वर्ष पुरत नाही.

कुणाला आपल्या वर्गात हे करायचं असेल तर मला एवढंच सुचतं की मोठ्या विषयावर लिहायला लावू नका आणि पत्र नेऊन देण्याचं काम स्वतःकडे घेऊ नका. बाकी गावागावाचं वेगळं. पावसाळ्यात करा मात्र. दवाखान्याचं खरं रूप आमच्याकडे जुलैत दिसतं.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांनी बसचं पत्र वाचून दाखवलं आणि ठराव झाला. त्या ठरावाची प्रत जोडून आगाराला दुसरं पत्र गेलंय. या वर्षीची नववी वेगळ्याच नादात आहे. वरच्या वाड्यांवर १०८ला फोन लावायचा तर रेंज ठरावीक ठिकाणीच मिळते, कुठे मारुतीच्या पारापाशी, कुठे पाण्याच्या टाकीवर चढून. त्या जागांचा नकाशा दोघींनी काढायला घेतलाय. पत्राला नकाशा जोडला तर चालतो का, म्हणून परवा विचारत होत्या. चालतो म्हटलं. पत्र कुणाच्या नावे करायचं यावर मात्र अजून त्यांचं एकमत नाही. एक म्हणते मोबाइल कंपनी, दुसरी म्हणते ग्रामपंचायत, आणि नकाशाची एक प्रत आधी आशाताईंकडे द्यायची हे दोघींना मान्य आहे.